चालणे, वाजवणे, विचार करणे : लहान मेंदूविषयी वाचकांची पत्रे

गेल्या अंकातील पक्षाघातावरील लेखानंतर लहान मेंदूविषयी, म्हणजे अनुमस्तिष्काविषयी, बरीच पत्रे आली. काहींत घरातल्या माणसाचे दुखणे आहे, तर काहींत निखळ कुतूहल. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, गावे मात्र ठेवली आहेत.

सुरुवातीला एक माहिती द्यायला हवी, कारण पुढच्या प्रत्येक उत्तरात ती लागणार आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, मोठ्या मेंदूच्या खाली हा अवयव असतो. त्याचे वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे सबंध मेंदूच्या एक दशांश. असे असूनही 2009 साली ब्राझीलमधील सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या गटाने माणसाच्या मेंदूतील चेतापेशी मोजल्या, तेव्हा सुमारे 86 अब्ज पेशींपैकी 69 अब्ज पेशी या एवढ्याशा भागात निघाल्या. माणसाच्या डोक्यातला हा एवढा पसारा केवळ तोल सांभाळण्यासाठी असेल, हे मला कधीच पटलेले नाही आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांतील संशोधनही तसे म्हणत नाही.

प्रश्न : माझा नातू तिसाव्या आठवड्यात जन्मला. आता तो पंधरा महिन्यांचा आहे. धरून उभा राहतो, भिंतीला हात लावून चार पावले टाकतो, पण हात सोडून चालत नाही. जन्मानंतरच्या एम.आर.आय. अहवालात लहान मेंदूत रक्तस्रावाचे दोन बारीक ठिपके असल्याचे लिहिले होते. शेजारीण म्हणते, वॉकर आणा, म्हणजे पायांत बळ येईल. सून रात्रंदिवस काळजी करते. त्याचे चालणे या ठिपक्यांमुळे अडले आहे का? (एक आजी, बोरी, फोंडा)

उत्तर : आजी, आधी वयाचा हिशेब नीट मांडू या. तुमचा नातू दहा आठवडे लवकर आला. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर पहिली दोन वर्षे त्याची वाढ जन्मतारखेवरून न मोजता, ते पूर्ण दिवसांचे होऊन ज्या तारखेला जन्मले असते त्या तारखेपासून मोजतात. याला दुरुस्त वय म्हणतात. त्या हिशेबाने नातू अजून तेरा महिन्यांचाही झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांची पाहणी केली, तेव्हा स्वतंत्रपणे चालू लागण्याचे वय 8.2 ते 17.6 महिने एवढे पसरलेले आढळले. नातू धरून उभा राहतो आणि आधाराने पावले टाकतो, म्हणजे तो योग्य वाटेवर आहे. त्याचे चालणे अडले आहे असे आज म्हणता येणार नाही.

आता त्या ठिपक्यांविषयी. लहान मेंदूची घडण गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात सुरू होते, पण ती पुरी होते बाळ चालू-बोलू लागेपर्यंत. मेंदूचा दुसरा कोणताही मोठा भाग इतका लवकर सुरू होऊन इतका उशिरापर्यंत बांधला जात असेल असे वाटत नाही. त्याच्या मुख्य पेशी दोन निरनिराळ्या ठिकाणी जन्मतात. मेंदूच्या आतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीला लागून पर्किंजे पेशी तयार होतात. जान पर्किंजे या शास्त्रज्ञाने 1837 साली प्राग येथे त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना हे नाव मिळाले. दुसऱ्या पेशी म्हणजे कणपेशी, ज्या आकाराने अगदी लहान आणि संख्येने अफाट असतात. त्यांच्या पूर्वज पेशी पोकळीच्या वरच्या काठावर जन्मतात, तेथून लहान मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतात आणि तेथे एक तात्पुरता थर करून राहतात. खालच्या पर्किंजे पेशी ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचे प्रथिन सोडतात आणि त्याच्या इशाऱ्याने वरच्या थरातील पेशी पुन्हा पुन्हा विभागून कोट्यवधींच्या संख्येने वाढतात. मग त्या एकेक करून, आधारपेशींच्या लांब धाग्यांना धरून, पर्किंजे पेशींना ओलांडत खाली उतरतात आणि उतरताना आपला एक तंतू वरच मागे ठेवतात. हेच तंतू पुढे पर्किंजे पेशींना जोडले जातात. जन्मानंतर वर्ष-दीड वर्षात तो तात्पुरता थर रिकामा होऊन नाहीसा होतो.

या कामाचा सर्वांत मोठा वेग गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत असतो. चोविसाव्या आठवड्यापासून चाळिसाव्या आठवड्यापर्यंत लहान मेंदूचे आकारमान जवळजवळ पाचपट होते आणि त्याच्या पृष्ठभागाला असंख्य बारीक घड्या पडतात. या काळातले दहा आठवडे तुमच्या नातवाने आईच्या पोटात न काढता काचेच्या पेटीत काढले. प्राणवायूचे चढउतार, जंतुसंसर्ग, कधी फुप्फुसांसाठी द्यावी लागणारी स्टेरॉइड औषधे, या सर्वांचा त्या वाढत्या थरावर परिणाम होऊ शकतो. शिवाय त्या थरातील रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की रक्तदाब थोडा हलला तरी त्या फुटू शकतात. बारीक ठिपके पडतात ते यामुळे. दिलासा असा की एवढ्या लहान ठिपक्यांनंतर पुष्कळ मुलांची वाढ उत्तम होते. मोठा रक्तस्राव, विशेषतः लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्यात शिरलेला, ही वेगळी आणि गंभीर बाब असते.

सुनेला मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा. नातू चालायला लागला की तपासण्या थांबवू नका. अपुऱ्या दिवसांच्या ज्या मुलांच्या लहान मेंदूची वाढ कमी पडते, त्यांच्यात चालणे जमल्यानंतरही बोलण्यात, लक्ष देण्यात, इतर मुलांशी मिसळण्यात अडचणी दिसू शकतात, आणि त्या दोन-तीन वर्षांनंतर किंवा शाळेत गेल्यावर लक्षात येतात. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे शाळेत जाईपर्यंत ठरलेल्या वेळी दाखवत राहावे. दुरुस्त वयाने अठरा महिने झाले तरी चालत नसेल, एकाच बाजूचा हातपाय वापरत असेल, बसल्यावर डोके किंवा धड सतत डोलत असेल, डोळ्यांची बुबुळे थरथरत असतील किंवा आलेली गोष्ट विसरत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच न्यावे.

वॉकर आणू नये, हे मी अगदी स्पष्टपणे सांगतो. कॅनडाने 2004 साली बाळांच्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती मुख्यतः जिन्यावरून पडून होणाऱ्या डोक्याच्या इजांमुळे. पण इजेचा धोका नसता तरी मी तो सुचवला नसता. वॉकरमध्ये बाळ चवड्याने जमीन ढकलते, त्याला स्वतःची पावले दिसत नाहीत आणि तोल गेला तरी ते पडत नाही. लहान मेंदू शिकतो ते नेमके तोल जाण्यातून. न्यू यॉर्कमधील संशोधक कॅरन अॅडॉल्फ यांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या बालकांचे मोकळे खेळणे मोजले, तेव्हा ती तासाला सरासरी 2,368 पावले टाकत होती आणि 17 वेळा पडत होती. नातवाला ओटीवर, अंगणात अनवाणी सोडा, पायऱ्यांपाशी कोणीतरी बसा, आणि त्याला पडू द्या.

प्रश्न : मी गावातल्या मुलांना चतुर्थीच्या आरत्यांसाठी घुमट शिकवतो. एक मुलगा संथ लयीत चुकत नाही, पण लय वाढली की त्याचा डावा हात मागे पडतो. मी सांगतो, त्याला समजते, बोल तो तोंडाने बिनचूक म्हणतो, पण हात ऐकत नाही. मग काही दिवसांनी एकाएकी जमते. मधल्या काळात डोक्यात काय होत असावे? (घुमटवादक, पेडणे)

उत्तर : तुमच्या पत्रातले निरीक्षण इतके अचूक आहे की उत्तर त्यातच अर्धे आले आहे. ज्या वाचकांनी घुमट जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीच्या मडक्याच्या रुंद तोंडावर चामडे ताणून बसवलेले असते आणि मागे एक अरुंद तोंड उघडे असते. उजव्या हाताची बोटे चामड्यावर बोल काढतात, तर डाव्या हाताचा तळवा मागचे तोंड झाकतो आणि उघडतो. नाद घुमायचा की दबायचा हे डाव्या तळव्यावर ठरते. म्हणजे डाव्या हाताला उजव्याच्या थापेशी वेळ साधायची असते आणि तो क्षणभर जरी उशिरा पोहोचला तरी नाद पडतो.

आता वेळेचे गणित पाहा. बोट चामड्यावर पडले, त्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचली आणि तीवरून दुसरा हुकूम सुटला, या फेऱ्याला साधारण सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ जातो. संथ लयीत तेवढी सवड असते, म्हणून मुलगा ऐकून, जाणवून, सावरून वाजवू शकतो. द्रुत लयीत ती खबर पोहोचेपर्यंत पुढची थाप पडून गेलेली असते. तेथे खबरीची वाट न पाहता हात कोठे असेल याचा आधीच अंदाज बांधून हुकूम सोडावा लागतो. हा अंदाज बांधण्याचे काम लहान मेंदूचे आहे. मोठ्या मेंदूतून हाताकडे निघालेल्या हुकमाची एक प्रत त्याच्याकडे येते, आणि परिणाम काय व्हायला हवा हे तो त्या प्रतीवरून आधीच मांडून ठेवतो.

हा अंदाज सुरुवातीला चुकीचा असतो, तो सुधारतो कसा, याचा शोध विज्ञानाच्या इतिहासातील मला अतिशय आवडणारा भाग आहे. प्रत्येक पर्किंजे पेशी एखाद्या चपट्या, अतिशय फांद्या फुटलेल्या झाडासारखी असते. तिच्या फांद्यांवर कणपेशींकडून आलेले दीड-दोन लाख समांतर तंतू जोडलेले असतात. हात कोठे आहे, डोळा काय पाहतो, कोणता हुकूम निघाला आहे, अशा बारीकसारीक खबरा त्यांवरून येतात. याउलट दुसऱ्या प्रकारचा, मेंदूच्या देठाकडून वर चढणारा तंतू प्रत्येक पर्किंजे पेशीला एकच मिळतो. नवजात पिल्लांच्या मेंदूत असे अनेक चढते तंतू एकाच पेशीशी जोडलेले असतात, आणि वाढीच्या काळात त्यांतील एक टिकून बाकीचे गळून पडतात. इंग्लंडमधील डेव्हिड मार यांनी 1969 साली आणि अमेरिकेतील जेम्स अल्बस यांनी 1971 साली स्वतंत्रपणे असा सिद्धान्त मांडला की हा एकटा तंतू शिकवण्याचे काम करत असावा. चूक झाली की तो पेशीला जोरदार इशारा देतो, आणि त्या क्षणी ज्या समांतर तंतूंवरून खबर येत होती त्यांची जोडणी बदलते, असे अल्बस यांचे म्हणणे होते. जपानचे मासाओ इतो यांनी 1982 साली प्रयोगाने दाखवले की दोन्ही तंतू एकाच वेळी उत्तेजित केले तर समांतर तंतूची जोडणी खरोखरच दीर्घकाळ कमजोर होते. चुकीला साथ देणाऱ्या जोडण्या अशा हळूहळू मागे पडत जातात. पुढील संशोधनाने या चित्रात पुष्कळ भर घातली आहे, पण चुकीवर आधारलेले शिक्षण हा गाभा टिकून आहे.

हे समजावून सांगण्याने होत नाही, हे एका साध्या प्रयोगात दिसते. नजर एका बाजूला सरकवणारा लोलकाचा चष्मा घालून माणसाला नेम मारायला सांगितले तर पहिले नेम बाजूला पडतात आणि मग पाच-पंचवीस फेकींत ते जागेवर येतात. चष्मा काढला की नेम उलट्या बाजूला पडू लागतात, कारण हाताने नवा हिशेब शिकलेला असतो आणि तो एकदम विसरता येत नाही. ज्यांच्या लहान मेंदूला इजा झालेली आहे त्यांना चष्म्याची गोष्ट पूर्ण समजते, तरी त्यांचे नेम सुधारत नाहीत.

तुमच्या विद्यार्थ्यासाठी यातून काही गोष्टी निघतात. लय एकदम न वाढवता अगदी थोडी थोडी वाढवावी, कारण चूक लहान असली आणि लगेच जाणवली तर तिच्यावरून दुरुस्ती होते. सगळेच कोसळले तर कोणती जोडणी बदलायची याचा पत्ता लागत नाही. एकाच दिवशी दोन तास बसवण्यापेक्षा रोज थोडा वेळ बसवावे, कारण शिकलेले पक्के होण्यास मधली विश्रांती आणि झोप लागते. ‘काही दिवसांनी एकाएकी जमते’ असे तुम्हाला दिसते त्यात या विश्रांतीचा वाटा मोठा आहे. लहान मेंदूची डावी बाजू डाव्याच हाताचे काम पाहते, तेव्हा डाव्या तळव्याचा सराव वेगळा करून घेतल्यास उपयोग होईल. आणि मुलगा चुकताना त्याला रागावू नये, ही विनंती. त्या चुका त्याच्या डाव्या हाताच्या कामी येत आहेत.

प्रश्न : दारू प्यायलेला माणूस झोकांड्या का खातो? नेहमी पिणाऱ्याची चाल कायमची बिघडते हे खरे आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पणजी)

उत्तर : मद्य लहान मेंदूतील पेशींना आवरणारे संकेत वाढवते. त्यामुळे पाऊल, जीभ आणि डोळे या तिन्हींचे मोजमाप एकाच वेळी चुकते, आणि म्हणून पाय अडखळतात, बोलणे जड होते, बुबुळे थरथरतात. हा परिणाम उतरतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्यांत मात्र लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याचा पुढचा-वरचा भाग झिजतो. आहारातील थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरताही त्याला हातभार लावते. असा माणूस न पिता देखील पाय फाकवून, डुलत चालतो. पिणे पूर्ण थांबवून आहार सुधारला तर काही जणांची चाल सुधारते, पण झिजलेल्या पेशी परत येत नाहीत. गरोदरपणी घेतलेल्या मद्याने बाळाच्या घडत असलेल्या लहान मेंदूलाही इजा होते. त्या काळात फेणीचा घोटही औषध म्हणून देऊ नये.

प्रश्न : माझे यजमान बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या लहान मेंदूच्या उजव्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला. चालणे दोन महिन्यांत सुधारले आणि डॉक्टरांनी ‘बरे झाले’ असे सांगितले. पण माणूस पूर्वीचा राहिलेला नाही. बाजारात पाठवले तर निम्म्या वस्तू आणतात, दोन कामे एकत्र सांगितली की गोंधळतात, बोलताना शब्द अडतो. पाहुण्यांसमोर नको ते बोलून जातात आणि मला बरे नसले तरी त्यांना काही वाटत नाही असे दिसते. स्मरणशक्तीची चाचणी चांगली आली. मुलगे म्हणतात, बाबा मुद्दाम करतात. मी शाळेत पस्तीस वर्षे मुले पाहिली आहेत. मला हे मुद्दाम वाटत नाही. (निवृत्त शिक्षिका, मडगाव)

उत्तर : बाई, तुमचे बरोबर आहे. तुमच्या मुलांनी हे उत्तर वाचावे अशी माझी इच्छा आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो.

जवळजवळ दीडशे वर्षे वैद्यकशास्त्राने लहान मेंदूकडे केवळ हालचालींचा नियामक म्हणून पाहिले. फ्रान्समधील फ्लुरॉंस यांनी 1824 साली कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला, तेव्हा ती हलू शकत होती पण हालचालींचा मेळ गेला होता. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या सैनिकांची अत्यंत बारकाईने तपासणी केली. या सैनिकांच्या हातात बळ होते, पण हात वस्तूच्या पुढे जाई किंवा अलीकडे थांबे. उजव्या बाजूला इजा झालेल्या एका रुग्णाने होम्स यांना सांगितले की डाव्या हाताच्या हालचाली आपोआप होतात, पण उजव्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण आज तुमच्या यजमानांच्या विचारांचे नेमके तेच झाले आहे. पूर्वी जे मनात आपोआप जुळत होते, ते आता त्यांना प्रयत्नाने जुळवावे लागते.

लहान मेंदू विचारांतही भाग घेतो याचे पुरावे 1980 नंतर जमत गेले. 1994 साली अमेरिकेतील मिडलटन आणि स्ट्रिक यांनी माकडांच्या मेंदूत, चेतापेशींतून चेतापेशींत जाणारे विषाणू वापरून, लहान मेंदूच्या खोल केंद्रांपासून मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागापर्यंत, म्हणजे जेथे योजना आखली जाते तेथपर्यंत, वाट असल्याचे दाखवले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, हजार लोकांच्या मेंदूच्या चित्रणावर आधारलेल्या नकाशात तर माणसाच्या लहान मेंदूचा बहुतांश भाग हालचालीच्या केंद्रांशी नव्हे, तर विचार, भाषा आणि लक्ष यांच्या केंद्रांशी जोडलेला आढळला. हालचालीचा भाग मुख्यतः पुढे असतो, आणि मागचा मोठा भाग विचारांशी जोडलेला असतो. यजमानांची इजा मागच्या भागात आहे. त्यामुळे चाल लवकर सुधारली आणि बाकीचे मागे राहिले, यात विसंगती काही नाही. उजवी बाजू मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाशी जोडलेली असते आणि बहुतेकांची भाषा तेथे असते. बोलताना शब्द अडतो त्याचे कारण बहुधा हेच असावे.

बॉस्टनमधील जेरेमी श्मामन आणि जॅनेट शर्मन यांनी 1998 साली केवळ लहान मेंदूला इजा झालेल्या वीस रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्यात चार गोष्टी एकत्र दिसत होत्या. योजना आखणे आणि एका कामावरून दुसऱ्यावर वळणे अवघड जात होते, जागेचा व आकाराचा अंदाज चुकत होता, भाषेत शब्द सुचणे व चढउतार बिघडले होते, आणि भावना एक तर बोथट झाल्या होत्या किंवा भान सुटून नको तेथे बाहेर पडत होत्या. भावनांचा बिघाड मधल्या पट्ट्याला इजा असल्यास अधिक दिसला. या लक्षणसमूहाला आता श्मामन यांचे नाव दिले जाते. त्यांचे म्हणणे असे की हाताच्या हालचालीला जसे मोजमाप लागते, तसे विचारांना आणि भावनांनाही लागते, आणि ते मोजमाप हाच अवयव करतो. सगळ्या तज्ज्ञांना हा सिद्धान्त जसाच्या तसा मान्य नाही, पण रुग्णांना जे होते ते खरे आहे, याविषयी आता दुमत उरलेले नाही. मेंदूच्या मागच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेली काही मुले शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांनी पूर्ण मुकी होतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा बोलू लागतात. हे ज्याने पाहिले आहे त्याला लहान मेंदू आणि भाषा यांच्या नात्याविषयी वेगळा पुरावा लागत नाही.

नेहमीची स्मरणचाचणी या बिघाडात चांगली येऊ शकते, कारण स्मरण फारसे बिघडलेलेच नसते. मज्जाविकारतज्ज्ञांना सांगून नियोजन, लक्ष आणि शब्दसुलभता यांची सविस्तर मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या. एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे सांगा, यासारख्या साध्या प्रश्नांतही फरक दिसतो. सोबत नैराश्याचीही तपासणी व्हावी, कारण पक्षाघातानंतर ते वारंवार येते आणि उपचाराने बरे होते. घरात एका वेळी एकच काम सांगावे. बाजाराची यादी दुकानांच्या क्रमाने लिहून द्यावी. महत्त्वाचे बोलताना दूरदर्शन बंद असावा. पाहुणे आले की यजमानांना त्यांच्यात फार वेळ बसवून ठेवू नये. ते बँकेत अधिकारी होते म्हणून पैशांचे व्यवहार पूर्ववत त्यांच्याकडे सोपवण्याचा मोह होईल, पण निदान वर्षभर प्रत्येक व्यवहारावर दुसऱ्या कोणाची नजर असावी. गाडी चालवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. पहिल्या वर्षभरात सुधारणा होत राहते, त्यामुळे आठ महिन्यांवरून अंतिम निष्कर्ष काढू नये.

तुमच्या दुखण्याकडे ते लक्ष देत नाहीत, हे सोसणे सर्वांत कठीण असणार याची मला कल्पना आहे. त्याला प्रेमाची कमतरता समजू नका. काय दुखते आणि काय हवे आहे ते त्यांना थेट शब्दांत सांगा, त्यांनी आपण होऊन ओळखावे अशी अपेक्षा तूर्त ठेवू नका. आणि मुलांना सांगा की बाबा मुद्दाम करत नाहीत. त्यांच्या एम.आर.आय.वर जी जागा काळवंडलेली दिसते, तिच्याच कामात हा फरक पडला आहे.

प्रश्न : लहान मेंदूशिवाय माणूस जगू शकतो का? (वाचक, डिचोली)

उत्तर : जगू शकतो. 2014 साली चीनमधील चोवीस वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध झाली. चक्कर येते म्हणून तिची तपासणी केली, तर जन्मापासून लहान मेंदूच नव्हता. त्या जागी द्रव भरलेला होता. ती समजेल असे बोलू लागली सहाव्या वर्षी आणि आधाराशिवाय चालू लागली सातव्या वर्षी. तिची चाल थोडी अस्थिर आणि उच्चार थोडे अस्पष्ट होते, तरी ती विवाहित होती आणि तिला एक मुलगी होती. जन्मापासून एखादा भाग नसेल तर वाढता मेंदू दुसऱ्या वाटा शोधतो. पूर्ण वाढ झालेल्या माणसाचा लहान मेंदू अचानक नष्ट झाला तर मात्र तेवढी भरपाई होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. हुशार आहे, पण वाचताना जोडाक्षरांपाशी अडतो आणि अक्षरांची अदलाबदल करतो. एका वर्गवाल्यांनी सांगितले की त्याचा लहान मेंदू ‘झोपलेला’ आहे आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामांनी तो जागा होऊन वाचन सुधारेल. शुल्क मोठे आहे. भरावे का? (एक आई, वास्को)

उत्तर : भरू नये. वाचनातील अडचण आणि लहान मेंदू यांचा संबंध असावा असा एक सिद्धान्त इंग्लंडमधील निकोलसन आणि फॉसेट यांनी मांडला होता आणि त्यावर गंभीर संशोधन झाले आहे. काही मुलांत असा संबंध दिसतोही. पण त्यावरून फळीवर तोल सांभाळला की वाचन येते, असे निघत नाही. अशा व्यायामवर्गांनी वाचन सुधारल्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. आपण मागे पाहिले की लहान मेंदू ज्या कामात चुका होतात त्याच कामाची दुरुस्ती करतो. फळीवरच्या चुकांतून फळीवरचा तोल सुधारेल. ‘झोपलेला’ लहान मेंदू ही कल्पना तर शास्त्रात कोठेच नाही. झोपेत असलेल्या माणसाच्या पर्किंजे पेशीदेखील सेकंदाला अनेक वेळा संकेत सोडत असतात.

मुलाचे डोळे आणि कान आधी तपासून घ्या. मग अध्ययन-अक्षमतेचे रीतसर मूल्यमापन मानसशास्त्रज्ञांकडून करून घ्या. ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पद्धतशीर शिकवणे, शब्द ध्वनींत फोडणे, जोडाक्षर सुटे करून पुन्हा जुळवणे, असा रोजचा छोटा सराव प्रशिक्षित शिक्षकाकडून मिळाला तर वाचन सुधारते, आणि याला पुरावा आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झालेला आहे, म्हणून निदान झाल्यास परीक्षेतील वाढीव वेळेसाठी शाळेकडे लेखी अर्ज करा.